मेळघाटात तीन दिवस पायी : गाविलगड ते धारणी, सहाशे वर्षांच्या वाटा

१/ पावसाळा सरला की विदर्भातील तरुण भटक्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : पाठीवर पिशवी टाकून मेळघाटात दोन-तीन दिवस फिरायचे आहे, वाट कशी आखावी? उत्तरादाखल विश्रामगृहांची नावे मिळतात, एसटीच्या वेळा मिळतात, वाघ कुठे दिसतो हेही कळते. आजच्या थ्रेडमध्ये तोच प्रश्न इतिहासाला विचारू या. या जंगलात आजवर कोण चालले, कशासाठी चालले, आणि चालण्याची परवानगी कोणी कोणाला दिली?

२/ आधी भूमी समजून घेऊ. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग पसरली आहे; आजचे चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे हा मुलूख. जुन्या वऱ्हाडाचे तीन नैसर्गिक भाग मानले जात : उत्तरेचा डोंगराळ मेळघाट, मधली पूर्णेच्या काळ्या मातीची सखल पट्टी म्हणजे पयनघाट, आणि दक्षिणेचे पठार म्हणजे बालाघाट.

३/ नद्यांचा हिशेब पाहिला की वाटांचाही उलगडा होतो. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या मेळघाटाचे पाणी तापीकडे नेतात. दक्षिण उतारावरचे वान, शहानूर यांसारखे प्रवाह पूर्णेला मिळतात. आणि पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीलाच भेटते. धारणी उत्तरेच्या बाजूस, तापीच्या खोऱ्यात वसलेली आहे. तिचे तोंड बऱ्हाणपूर-खंडव्याकडे आणि पाठ डोंगराकडे. म्हणूनच धारणीच्या बाजारात आजही मराठी, हिंदी आणि कोरकू या तिन्ही भाषा सहज कानी पडतात.

४/ हे जंगल सागाचे. सोबतीला ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू. साग पानझडी असल्यामुळे येथील भटकंतीचे वेळापत्रक झाडच ठरवते. पावसाळ्यात तो फुलतो, तेव्हा नाले दुथडी भरलेले असतात. हिवाळ्यात पाने असतात आणि पाणीही असते. उन्हाळा लागता लागता पाने गळतात आणि पावलागणिक पाचोळा असा वाजतो की चोरपावलाने चालणे अशक्य होते. एप्रिल-मे हा वणव्यांचा काळ. त्यासाठी वन विभाग दरवर्षी जाळरेषा काढतो. पायी फिरणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा, याचे कारण एवढे साधे आहे.

५/ जगात पायी भटकणाऱ्यांचे एक लाडके जंगल आहे : कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील रेडवुडचे. जगातील सर्वांत उंच वृक्ष तेथे आहेत. ते सदाहरित, उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे धुके त्यांना पाणी पुरवते. साग आणि रेडवुड यांच्यात वनस्पतिशास्त्रीय नाते नाही, परंतु त्यांच्या इतिहासात साम्य आहे. दोन्हींचे लाकूड टिकाऊ, म्हणून दोन्हींवर एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या स्लीपरांसाठी कुऱ्हाड चालली. रेडवुडच्या आदिम जंगलापैकी आज जेमतेम पाच टक्के उरले आहे. आणि दोन्ही जंगले 'निर्जन अरण्य' म्हणून दाखवली गेली, तेव्हा तेथे माणसे राहतच होती.

६/ मेळघाटातील ती माणसे म्हणजे कोरकू. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून कोरकू म्हणजे 'माणसे'. त्यांची भाषा मराठीची बोली नाही आणि गोंडीसारखी द्रविडही नाही. ती ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची आहे. संथाळी आणि मुंडारी या तिच्या बहिणी शेकडो मैल पूर्वेला, झारखंडच्या बाजूस नांदतात. मुंडा भाषांच्या नकाशावर सर्वांत पश्चिमेचे टोक म्हणजे कोरकू. २०११ च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास होते.

७/ याच डोंगरांच्या पश्चिम अंगाला, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात, निहाली नावाची भाषा बोलणारे थोडे लोक आहेत. तिच्यात कोरकू, मराठी, द्रविड असे पुष्कळ उसने शब्द सापडतात; परंतु ते बाजूला काढल्यावर जो गाभा उरतो, त्याचे नाते जगातील कोणत्याही भाषेशी खात्रीने जुळत नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कॉयपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. सातपुड्याची एक खोरी ओलांडताना आपण किती जुन्या मानवी थरांवरून चालत असतो, याची कल्पना यावरून यावी.

८/ कोरकू गावात शिरलात तर दोन गोष्टी पाहा. एक, गावाची रचना : मधोमध रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ ओळी. दुसरी, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडी फलक, ज्यांना 'मुंडा' म्हणतात. सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. 'सिडोली' नावाच्या विधीने मृताला पूर्वजांमध्ये सामील करून घेतले जाते. हे फलक म्हणजे त्या समाजाचे दफ्तर आहे. त्यांना हात लावू नये, त्यांच्याजवळ सेल्फी काढू नये, आणि छायाचित्र हवेच असेल तर गावातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे.

९/ आता किल्ल्यांकडे वळू. पयनघाटातून वर पाहिले की डोंगराची कड भिंतीसारखी दिसते. त्या कडेवर पूर्वेला गाविलगड आणि पश्चिमेला, आजच्या अकोला जिल्ह्यात, नरनाळा. फिरिश्ताच्या वृत्तांतानुसार बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली. हेतू उघड होता. माळवा आणि खानदेशकडून उतरणाऱ्या सैन्यांवर नजर ठेवायची तर घाटांच्या तोंडाशी बसणे भाग होते.

१०/ बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुलमुल्क स्वतंत्र झाला. त्याची इमादशाही १४९० च्या सुमारास सुरू झाली; राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. हा फतहुल्ला मूळचा कानडी हिंदू. विजयनगरशी झालेल्या युद्धात बालपणी पकडला गेला आणि दख्खनी दरबारात वाढला. गाविलगडाच्या दरवाजावर सिंह, हत्ती आणि दुतोंडी गंडभेरुंड पक्षी कोरलेले आहेत. गंडभेरुंड हे विजयनगरच्या परंपरेतील परिचित चिन्ह. वऱ्हाडच्या सुलतानाच्या दरवाजावर ते दिसावे, यात दख्खनच्या सरमिसळ इतिहासाचे सार आहे.

११/ नरनाळ्याचा महाकाली दरवाजा याच फतहुल्लाच्या काळातील, १४८७ च्या सुमाराचा. त्यावरील सुलेखन आणि जाळीदार सज्जे पाहण्यासाठी इतिहासप्रेमी दुरून येतात. नरनाळा हा मुळात तीन गडांचा समूह : मधला नरनाळा आणि दोन बाजूंना जाफराबाद व तेलियागड. गडावरील तलाव बारकाईने पाहा. शेकडो लोकांचे पाणी उंच डोंगरावर वर्षभर कसे टिकवले, हे समजले की किल्ल्याचे निम्मे रहस्य उलगडते. तटबंदी शत्रूला अडवते. परंतु वेढा तगवून धरते ते पाणीच.

१२/ १५७४ साली इमादशाही अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली. १५९६ साली चांदबिबीला वऱ्हाड मुघलांच्या हवाली करावे लागले. अठराव्या शतकात हे किल्ले नागपूरकर भोसल्यांकडे आले. सत्ता बदलत गेल्या, तरी एक गोष्ट कायम राहिली : या सर्वांचे राज्य मुख्यतः किल्ले आणि घाटांची तोंडे यांवर होते. आतल्या खोऱ्यांत कोरकू गावे आपल्या पाटलाच्या आणि भूमकाच्या सल्ल्याने चालत. जंगल सत्तेच्या जवळ होते, पण सत्तेच्या मुठीत नव्हते.

१३/ आणि मग आले १८०३. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टिव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्यांचे निसटलेले पायदळ गाविलगडावर चढले. किल्लेदार बेनीसिंग. पाठलागावर होता आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून नेपोलियनविरुद्ध वॉटर्लूला लढला.

१४/ येथे इतिहासातील एक मोठी 'वाट-आखणी' घडली. गाविलगड दक्षिणेकडून घेणे जवळपास अशक्य, कडा सरळसोट. दुबळी बाजू उत्तरेची, लबाडा गावाकडची, जिथे किल्ला डोंगराच्या पठाराशी जोडलेला आहे. परंतु तिथे पोहोचायचे तर डोंगराला वळसा घालून घनदाट जंगलातून सुमारे तीस मैल जावे लागणार, तेही जड तोफांसह. वेलस्लीने काम वाटून घेतले : स्वतः दक्षिणेला थांबून शत्रूचे लक्ष गुंतवायचे, आणि स्टिव्हन्सनने धामणगावच्या वाटेने डोंगरात शिरायचे.

१५/ ७ डिसेंबरला स्टिव्हन्सनची तुकडी निघाली, १२ तारखेला लबाड्याजवळ पोहोचली. वेलस्लीने आपल्या अहवालात लिहिले आहे की जवळजवळ सर्व अंतर तोफा आणि सामान माणसांनी हातांनी ओढून नेले, तेही डोंगर आणि नाल्यांतून, आणि ज्या रस्त्याने नेले तो रस्ता आधी सैनिकांनाच तयार करावा लागला. तीस मैलांना जवळपास पाच दिवस. आज पाठीवर दहा किलोची पिशवी घेऊन घाट चढताना दम लागला तर त्या तोफांच्या दोरांना लागलेल्या हातांची आठवण ठेवावी. त्यांपैकी बहुसंख्य हात हिंदी शिपायांचे आणि मजुरांचेच होते.

१६/ १३ डिसेंबरला मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडार पडले, १५ ला सकाळी हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला, तरी आतला कोट उभा होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या हलक्या पायदळाने मधली खोल घळ ओलांडली, शिड्या लावून भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग आपल्या लोकांसह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. गाविलगड आणि नरनाळा मात्र त्या तहाने भोसल्यांकडेच राहिले. ३० डिसेंबरला शिंद्यांशीही तह झाला, तोही येथून जवळच, सुर्जी-अंजनगावला. हिंदुस्थानच्या सत्तेचा तोल बदलणारे दोन तह अमरावती जिल्ह्याच्या दोन गावांच्या नावाने ओळखले जातात, हे येथील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

१७/ पुढची वाट मोजणाऱ्यांची. १८२३ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख लॅम्ब्टन हिंगणघाट येथे वारला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजत आणलेली रेषा वऱ्हाडातील टाकळखेडा या स्थानकावरून सातपुडा ओलांडून माळव्याकडे गेली. एव्हरेस्टने या टप्प्याचा ग्रंथ १८३० साली प्रसिद्ध केला. या जंगलांतील तापाने त्याच्या तुकड्या वारंवार आजारी पडल्या आणि त्याची स्वतःची प्रकृती ढासळली. जगातील सर्वोच्च शिखराला ज्याचे नाव मिळाले, त्याने आपल्या डोंगरांची किंमत तापाने मोजली.

१८/ १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले. १८५८ मध्ये तात्या टोपे सातपुड्यात वावरत असताना गाविलगड त्यांच्या हाती पडू नये, म्हणून त्याची संरक्षणव्यवस्था मोडून टाकण्यात आली. किल्ल्याचे युग संपले आणि शेजारचे चिखलदरा थंड हवेचे ठिकाण म्हणून वाढू लागले. उंची सुमारे १,११८ मीटर. तेथे कॉफीचीही लागवड झाली. विराटाच्या राज्यातील कीचकाला भीमाने येथे दरीत फेकले, म्हणून 'कीचकदरा', अशी लोककथा आहे. साहेबांचे बंगले आणि महाभारताचे कुंड तेथे शेजारी शेजारी आहेत.

१९/ १८७० साली लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले. १८७१ साली शेजारच्या निमाडमध्ये जमाबंदीचे काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्साइथचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यात शिकार आहे, कोरकूंचे वर्णन आहे, आणि 'दाह्या' या फिरत्या शेतीविषयी नाराजीही आहे. हे लेखन वाचावे, परंतु लेखक कोणत्या खुर्चीवर बसला आहे हे विसरू नये. ज्याला सागात महसूल दिसतो, त्याला दाह्यात उधळपट्टीच दिसणार.

२०/ सागाची ही किंमत वाढली कशाने? रेल्वेने. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला होता. एका मैलाच्या रुळाखाली सुमारे दोन हजार स्लीपर लागत. देशभरातील जंगले झपाट्याने तुटू लागली, तेव्हा १८६४ साली सरकारने वन विभाग स्थापन केला. ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला प्रमुख. पाठोपाठ १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले. जंगल 'राखीव' झाले. काल जी रोजची पायवाट होती, ती आज गुन्ह्याची जागा ठरू शकत होती.

२१/ परंतु राखीव जंगलालाही हात लागतातच : झाडे तोडायला, जाळरेषा काढायला, रस्ते बांधायला. म्हणून वन विभागाने जंगलात गावे वसवली किंवा असलेली गावे आपल्या अमलाखाली आणली. ही 'वनग्रामे'. तेथे कसायला जमीन मिळे, पण मालकी मिळत नसे. बदल्यात विभागाच्या कामावर जावे लागे. मेळघाटातील पुष्कळ गावांचा इतिहास असा आहे. आपण ज्या सुबक वनरस्त्यांचे कौतुक करतो, त्यांची खडी कोणी फोडली, हे उत्तर या गावांत मिळते.

२२/ स्वातंत्र्यानंतर या डोंगरांतून अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग पूर्ण झाला. वान रोड सोडल्यावर धुळघाटजवळ गाडी चढण पार करण्यासाठी वर्तुळाकार वळण घेऊन स्वतःच्याच मार्गावरून ओलांडून जाई. भारतातील रेल्वे अभियांत्रिकीचा हा दुर्मिळ नमुना होता. २०१७ च्या सुरुवातीस ही गाडी थांबली. रुंदीकरण जुन्याच मार्गाने व्याघ्र प्रकल्पातून करावे की जंगलाला वळसा घालून, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. १८०३ मधील स्टिव्हन्सनचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला : सरळ जावे की वळसा घ्यावा? फरक इतकाच की या वेळी जंगलाच्या बाजूने बोलणारे लोक होते.

२३/ १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाली. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होते. महाराष्ट्रातील ते पहिले. त्याच्या गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, आणि पुढे नरनाळा, वान, अंबाबरवा ही अभयारण्येही या क्षेत्राला जोडली गेली. येथील आणखी एक मानकरी म्हणजे रानपिंगळा. १८८४ नंतर हा छोटा घुबड शास्त्राच्या नोंदींतून नाहीसा झाला होता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो नंदुरबारमधील शहाद्याजवळ पुन्हा दिसला. त्यानंतर शोध घेतला तेव्हा मेळघाट हे त्याचे मोठे आश्रयस्थान असल्याचे आढळले. हा पक्षी दिवसा वावरतो. म्हणजे पायी हिंडणाऱ्याला तो दिसण्याची आशा आहे.

२४/ वाघाला जागा हवी, म्हणून गावे हलली. कोहा, कुंड, बोरी या गावांचे पुनर्वसन या शतकाच्या आरंभी झाले; पुढे आणखी गावे बाहेर आली. सोडलेल्या शेतांवर गवताळ कुरणे उगवली, चितळ-सांबर वाढले, हे खरे. नव्या जागी पाण्याचे, जमिनीचे, रोजगाराचे प्रश्न उभे राहिले आणि काही कुटुंबांनी जुन्या गावाकडे परतण्याचा प्रयत्न केला, हेही खरे. जो इतिहासकार यांतील एकच बाजू सांगतो, तो अर्धाच इतिहास सांगतो.

२५/ १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी देश हादरला. कुपोषण, हिवताप, दूरचे दवाखाने, पावसाळ्यात तुटणारे रस्ते हे सगळे एकदम उजेडात आले. त्याआधीपासूनच धारणी तालुक्यातील बैरागड येथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे काम करीत होते. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या अंतराला आपण 'ट्रेक' म्हणतो, तेच अंतर प्रसूतीच्या वेळी किंवा आजारी मूल खांद्यावर घेऊन तोडावे लागणारी माणसे या डोंगरांत आहेत. भटक्याच्या मनात ही जाणीव असावी.

२६/ चक्र उलटही फिरते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्काचा मार्ग खुला केला. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाला २०१२ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडी गावाने पुन्हा हिरवी केली आणि त्याची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. तिकडे कॅलिफोर्नियात २०२४ साली युरोक या मूलनिवासी लोकांना रेडवुड उद्यानाच्या वेशीवरील १२५ एकर भूमी परत देण्याचा करार झाला. दोन खंडांतील दोन जंगले एकाच दिशेने, सावकाश का होईना, पावले टाकीत आहेत.

२७/ आता प्रत्यक्ष बेत. पहिला दिवस गाविलगडाचा. परतवाड्याहून एसटीने चिखलदरा, तेथून पायी किल्ला. दक्षिणेच्या कड्यावरून पयनघाट पाहा, मग उत्तरेच्या बाजूस जाऊन लबाड्याची दिशा शोधा. १८०३ चा बेत डोळ्यांसमोर आपोआप उभा राहील. बाहेरचा कोट, मधली घळ, आतला कोट हा क्रम स्वतःच्या पायांनी चालून समजून घ्या. १५७७ च्या सुमाराचा बहराम बुरूज आणि गंडभेरुंडाचा दरवाजा चुकवू नका. भिंतींवर चढू नका. दगड सैल आहेत.

२८/ दुसरा दिवस सेमाडोह-कोलकासचा. हा व्याघ्र प्रकल्पाचा परिसर, म्हणून येथे मनमानी भटकंती नाही. वन विभागाची परवानगी, ठरलेली वाट आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक, एवढे झाले तरच चालावे. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटनाला बंद असते. मार्गदर्शक बहुधा जवळच्याच गावचा असतो. त्याला वाघाबद्दल कमी आणि झाडांच्या कोरकू नावांबद्दल जास्त विचारा. 'सिपना' हा शब्द कोरकूत सागासाठी आहे, असे येथील लोक सांगतात. खरोखर नदीचे नाव झाडावरून पडले असेल, तर हा मुलूख आपल्या नकाशांच्या कितीतरी आधी कोणीतरी वाचला होता.

२९/ तिसरा दिवस हरिसाल-धारणीचा. मुख्य रस्त्याने पायी जाण्यात अर्थ नाही; एसटी घ्या. हरिसालला उतरा, पुढे धारणीचा बाजार पाहा, आणि शेवटी तापीच्या काठी जा. तीन दिवस डोंगरातून उतरणारे जे प्रवाह पाहिले, ते सारे येथे एकत्र येताना दिसतील. वेळ अधिक असेल तर नरनाळा वेगळा ठेवा. तो अकोटकडून, शहानूर गावातून करावा. मेळघाट आणि नरनाळा एकाच दिवसात 'उरकणारे' दोन्हींपैकी काहीच पाहत नाहीत.

३०/ पिशवीत काय असावे? पुरेसे पाणी, पायाला रुळलेले बूट, डासांपासून बचावाचे साधन (एव्हरेस्ट आठवा), छापील नकाशा, कारण दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. प्लास्टिक जेवढे नेले तेवढे परत आणावे. चूल पेटवू नये. सागाचा पाचोळा एका ठिणगीची वाट पाहत असतो. आणि घरी निघण्याची तारीख, वाट आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी.

३१/ सहाशे वर्षांचा हिशेब थोडक्यात असा. सुलतानांनी घाटांची तोंडे राखली, कंपनीने तोफांसाठी रस्ता पाडला, सर्वेक्षकांनी रेषा ओढली, वन विभागाने सीमा आखली, रेल्वेने वळण घेतले, व्याघ्र प्रकल्पाने फाटक लावले. प्रत्येक वेळी कोणाची तरी वाट खुली झाली आणि कोणाची तरी बंद झाली. आपल्या हातातील परवानगीचा कागद हा याच साखळीतील आजचा दुवा आहे. तो मिळाल्याचा आनंद जरूर माना; तो कोणाला मिळत नाही, हेही विचारा.

३२/ थ्रेड येथे संपतो. तुमच्यापैकी जे धारणी, चिखलदरा, अकोट, अचलपूर भागातले आहेत, त्यांना एक विनंती : आपल्या गावाजवळच्या जुन्या वाटेचे, घाटाचे किंवा नाल्याचे स्थानिक नाव आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्याविषयी सांगितलेली गोष्ट खाली लिहा. कोरकूत नाव असेल तर तेही लिहा. किल्ल्यांचा इतिहास गॅझेटियरांत सापडतो. पायवाटांचा मात्र जिभेवर असतो, आणि जिभेवरचा इतिहास एका पिढीत हरवू शकतो.